फौजी घोरले की पुस्तक खोटं

गिरणीच्या आढ्याला पीठ साठतं, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. एक दिवस खालून कुणीतरी नुसतं शिंकतं आणि सगळं डोक्यावर येतं. परवा रेखा टीचर मला म्हणाली, "सुशीलाकाकू, हे लिहून ठेवा की." मी चौथी पास. लिहिणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे सगळ्या रामनगरला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो त्यात झेंडा आणि तुतारी घालील. म्हणून मीच लिहिते.

आमची गिरण बाजाराच्या रस्त्याला. सुपा धरण आमच्या उशाशी, गणेशगुडीला. तिथली वीज कुठल्या कुठल्या शहरांत पोचते म्हणे. आमच्या गिरणीपर्यंत येता येता मात्र दमते! करंट गेला की मोटर बंद आणि दळणाला आलेल्या बायका बाकावर अडकल्या. अर्धं पीठ डब्यात, अर्धे गहू वर. घरी जाणार कशा? नुसत्या बसल्या की भांडणं व्हायची. म्हणून वाचन सुरू झालं. करंट गेला की पुस्तक उघडायचं, आला की मिटायचं. मग वाक्य अर्धं राहो, नाहीतर माणूस अर्धा मेलेला राहो.

वाचते रेखा टीचर. ती अंगणवाडीची, त्यामुळे तोफा धडाडल्या तरी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीच्या सुरात धडाडतात.

आणि पुस्तकं सगळी लढाईची. त्याला कारण सावित्राक्का.

सावित्राक्काचा नवरा भैरू आणि माझा नवरा एका पलटणीत होते. लढाईला वर बर्फात दोघं गेले, परत एकच आला. सुट्टी मिळाल्यावर आमचे फौजी आधी तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "जागच्या जागी गेला, वैनी. त्याला कळलंसुदिक न्हाई." मी तिथंच उभी होते. हे बोलताना ते तिच्याकडं बघत नव्हते, तिच्या उंबऱ्याकडं बघत होते.

तिचा विश्वास बसला नाही. माझा तर त्याहून नाही. तेव्हापासून आम्ही दोघींनी त्यांच्यावर संशय धरला आणि त्यांनी तोंड मिटलं. भैरूचं नाव काढलं की उठून बेअरिंगला ग्रीस लावायला जातात. आमच्या मोटरीइतकं ग्रीस अख्ख्या जोयडा तालुक्यात कुठल्या मोटरीनं खाल्लं नसेल.

शेवटी अक्का म्हणाली, "तुझं माणूस सांगत न्हाई तर ऱ्हाऊ दे. दुसरा कोन तरी शिपाई असंलच की, त्यानं लिवलं असंल. सायबानं न्हवं, शिपायानं. तितं माणूस मरतंय कसं, तेवडं मला कळू दे."

माझा हेतू निराळा होता. असं एखादं खरं पुस्तक यांच्या कानावर पडलं तर आतलं बाहेर येतंय का, ते मला बघायचं होतं. गळाला गांडूळ लावतात, तसं मला पुस्तक लावायचं होतं.

*

पहिलं पुस्तक फुकट आलं. बेळगावला माजी सैनिकांचा मेळावा झाला, तिथं यांना शाल, स्टीलचा डबा आणि एक जाडजूड पुस्तक मिळालं. डबा घरात राहिला, पुस्तक गिरणीत आलं.

लिहिणारा कुणी बडा साहेब. पानापानावर नकाशे आणि नकाशांवर बाण. अंगणवाडीत पोरांना चित्र दाखवतात तसं पुस्तक आमच्याकडं फिरवून रेखा म्हणाली, "हा बघा बाण डोंगरावर चाललाय."

सावित्राक्कानं पदरानं हात पुसले आणि वाकून बघितलं. "ह्या बाणात आमचं माणूस कुटं हाय?"

रेखा गडबडली. म्हणाली, "टोकाला असतील, अक्का."

पुढच्या चॅप्टरमध्ये साहेब कोंबडी खात होते. त्याच्या पुढच्यात पाहुणा आला म्हणून परत कोंबडी. जवान एकाच ओळीत आले. ते डगमगले नाहीत, एवढंच. ते काय खात होते, हे कोंबडी खाणाऱ्याला माहीत नसावं.

तेवढ्यात पोत्यांच्या मागून मोटर सुरू झाल्यासारखा आवाज आला. बायका उठून डबे शोधायला लागल्या. पण करंट आला नव्हता. आमचे फौजी पोत्यांवर आडवे होऊन घोरत होते!

या माणसाची झोप कसली, ते मला विचारा. घरात मांजर चाललं तरी उठून बसणारा माणूस. तो लढाईच्या पुस्तकाला ढाराढूर झोपतो म्हणजे त्या पुस्तकात लढाई नाही. त्या दिवशी गिरणीत कायदा झाला: फौजी घोरले की पुस्तक खोटं.

*

मग पुस्तकं शोधायला मीच लागले. मिलिटरी कँटीनच्या फेरीला बेळगावला गेलो की हे साबण, बूटपॉलिश आणि आपली ती बाटली आणायला जातात आणि मी पुस्तकवाल्याकडं जाते.

पुस्तकवाला तोंडानं गोड. गोड माणसाचा मला आधी संशय येतो. म्हणाला, "बोला मावशी, वीरकथा देऊ, शौर्यगाथा देऊ, का बलिदान?"

साध्या शिपायाचं द्या म्हटलं, त्यानं स्वतः लिहिलेलं. त्यानं एक पुढं केलं. वर रणगाडा, रणगाड्यामागं आग, आगीमागं झेंडा.

माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. काय खाल्लं, परसाकडं कुठं गेले आणि भ्यालं कोण. कुठल्याही लढाईत माणूस या तिन्हींतून सुटत नाही. म्हणून मी सरळ विचारलं, "ह्यात कुणाला जुलाब होतात काय?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मावशी, आरोग्याची पुस्तकं पलीकडच्या रांगेत आहेत."

मी मधलं पान उघडलं. एका जवानाच्या पोटात गोळ्या लागल्या होत्या आणि तो पानभर बोलत होता. पान उलटलं, तरी बोलतच होता. माझ्या पोटात बारीकशी कळ आली तर मला 'अगं' सुद्धा नीट म्हणता येत नाही. तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, लोकांना तेच आवडतं. मी विचारलं, त्या लोकांपैकी कोण जाऊन आलाय का वर?

त्यानं रणगाडा उचलून परत फळीवर ठेवला.

तेव्हापासून मी लांबून दिसले की तो शेजारच्या चष्मेवाल्याला सांगतो, "आली बघ, जुलाबवाली मावशी!"

*

दिग्गीचा गणूमामा नाचणा दळायला येतो. दिग्गी म्हणजे पार रानात. पावसात रस्ता गेला की महिनाभर त्याचं तोंड दिसत नाही. आला की करंट जातोच, असा त्याचा पायगुण. मग बाकाच्या टोकाला कोयता मांडीवर घेऊन बसतो आणि वाचन मन लावून ऐकतो. करंट आला की पीठ घेऊन रानात.

एकदा असाच बसला होता. रेखा वाचत होती, जवान नदीत पडला, आईची आठवण काढली, मातीची शपथ घेतली, मान टाकली.

गणूमामानं डोकं खाजवलं. "टीचर, ह्या गड्याला आनी किती डाव मारनार?"

आम्हाला कळेना. तो म्हणाला, "मागं पुलावर मेला. मग चवतीच्या आदी टेकडीवर मेला. आज परत न्हयत मेला."

रेखा हसून म्हणाली, "अहो मामा, ती वेगवेगळी पुस्तकं होती. माणसं वेगळी, लिहिणारे वेगळे."

"व्हय?" गणूमामाला खरंच आश्चर्य वाटलं. "बोलत्यात तर सगळे एकच. मी म्हटलं, गडी चिवट दिसतोय."

*

आता त्या लेखकाचं सांगते.

गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवर हा लेखक येऊन राहिला होता. दिवसा राफ्टिंग करायचा आणि सांजच्याला गाडी घेऊन जवानांचे अनुभव गोळा करत फिरायचा. कुणीतरी आमचं नाव सांगितलं. आला. गव्हाच्या पोत्यावर मोबाईल ठेवला आणि म्हणाला, "काका, मनमोकळं बोला."

मनमोकळं बोला म्हटल्यावर आमच्या फौजींचं मन आणखी आत जातं. पण त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, खेचराची गोष्ट सांगितली. मी लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात आहे, मलाही ती माहीत नव्हती.

शिधा वर न्यायला खेचरं होती. त्यातलं एक अर्ध्या चढावर बर्फात बसलं. ओढलं, मारलं, गूळ दाखवला, उठेना. तर भैरू त्याच्या शेजारी बसला आणि कानात बोलायला लागला. घरी म्हशीशी बोलायचा तसंच, आपल्या बोलीत. मागचे लोक शिव्या घालत होते आणि हा बसून त्याला गावाकडच्या गोष्टी सांगतोय. शेवटी ते खेचर उठलं. वर पोचल्यावर सगळ्यांनी आधी खेचराला खायला घातलं, मग आपण खाल्लं.

एवढं सांगून फौजी ग्रीस शोधायला गेले. लेखक मागं मागं गेला. "पण काका, त्या क्षणी देशाबद्दल मनात काय आलं?"

फौजी म्हणाले, "थंडी लई हुती."

पुस्तक छापून आलं. त्यात फौजींचा फोटो, खाली नाव आणि पान भरून त्यांची वाक्यं. मातीच्या कणाकणाबद्दल बोलत होते! जो माणूस जेवताना मीठ मागत नाही, आमटी अळणी असली तर अळणीच खातो, तो कणाकणाबद्दल बोलत होता. खेचर मात्र कुठंच नव्हतं.

मी रेखाच्या फोनवरून त्याला फोन लावला. "आमचं खेचर कुटं गेलं?"

तो म्हणाला, "काकू, ते ठेवलं असतं तर वाचकांना खोटं वाटलं असतं."

करंट गेल्यावर रेखानं तो चॅप्टर वाचायला घेतला. दुसरं पान उलटायच्या आत पोत्यांमागून आवाज सुरू झाला. स्वतःच्या चॅप्टरला घोरले!

*

झेंडावंदनाला सावित्राक्काला शाळेत बोलावलं. दरवर्षी बोलावतात. वीरपत्नी म्हणून शाल, नारळ आणि पुढच्या रांगेत खुर्ची. त्या वर्षी पाहुणा बाहेरचा होता. कडक इस्त्री, हातात पुस्तक आणि मध्ये कागदाची खूण. मला तेव्हाच शंका आली.

त्याचं भाषण चांगलं रंगलं. रंगता रंगता तो भैरूवर आला आणि पुस्तकाकडं एक नजर टाकून म्हणाला, "शेवटच्या श्वासाला त्यांच्या ओठांवर मातृभूमीचं नाव होतं!"

टाळ्या झाल्या. माईक अक्काच्या हातात दिला. तिनं दोन शब्द बोलायचे आणि आभार मानायचे, असं ठरलेलं असतं.

अक्कानं त्यालाच विचारलं, "तुमी हुतासा तितं?"

तो हसला. "नाही आई, पण..."

"मग कुनी सांगितलं?"

त्यानं पुस्तक वर केलं. अक्का म्हणाली, "त्या पुस्तकवाल्यानं माज्या मानसाला बगितलंय? म्हशीचं सोडून त्याच्या तोंडात दुसरं कायबी नसायचं." मग तिनं माजी सैनिकांच्या रांगेकडं बोट केलं. "हुते ते हितं बसल्यात. त्यास्नी मी इचारलंय. ते माज्या उंबऱ्याला सांगून गेले, मला न्हाई."

हेडमास्तर नारळाकडं बघायला लागले. सगळ्यांच्या माना आमच्या फौजींकडं वळल्या, तर ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

पायात चप्पल होती.

*

त्यानंतर पुस्तकं आणायचं मी सोडणारच होते. त्या राफ्टिंगवाल्या लेखकाचं पुस्तक तेवढं त्याच्या त्याला परत पाठवायचं म्हणून पिशवीत घालून खानापूरला गेले. पोस्टात गर्दी, म्हणून आधी बाजार केला. फुटाणे घेतले. खाता खाता पुडीच्या कागदावर नजर गेली.

मोज्यांबद्दल लिहिलं होतं. ओला मोजा शेकोटीवर वाळवता येत नाही, धूर दिसतो. म्हणून दोघांनी एकेक मोजा सदऱ्याच्या आत पोटावर ठेवायचा आणि झोपायचं. पहाटे कुणाचा वाळला यावर भांडण.

मी रस्त्यातच उभी राहिले. मागं फिरून फुटाणेवाल्याला विचारलं, हे पुस्तक कुठाय? त्यानं वजनाखालचा गठ्ठा दाखवला. वरचं कव्हर नाही, नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, पुढची पानं पुड्यांत गेलेली. मी म्हटलं, सगळं दे. तो म्हणाला, "आणि मी फुटाणे कशात बांधू?"

मी पिशवीतलं लेखकाचं पुस्तक काढून त्याला दिलं. त्यानं पान चाचपून बघितलं. खूश झाला. कागद चांगला जाड होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. बाकावर आम्ही तिघी, मी, रेखा आणि सावित्राक्का. अक्काचा डबा मांडीवर. फौजी पोत्यांवर आडवे झालेले. रेखानं सुटी पानं सारखी केली आणि वाचायला घेतलं.

माझे तिन्ही प्रश्न पहिल्याच पानांत संपले. भात कच्चा राहायचा, कारण वर पाणी उकळलं तरी तांदूळ शिजत नाही. परसाकडं जायचं तर खडकाआड, तेही जोडीनं, एकानं बंदूक धरायची. आणि भ्यालं कोण, तर लिहिणारा स्वतः. तसं त्यानं साधं लिहून टाकलं होतं, पुढच्या ओळीत परत भाताबद्दल. रेखाचा चिमणी-कावळ्याचा सूर कधी गेला, तिलाही कळलं नाही.

मी पोत्यांकडं कान दिला. घोरणं नव्हतं. वळून बघितलं तर हे उठून बसलेले, हात मोटरीच्या पट्ट्यावर ठेवून.

रेखा वाचत होती. लिहिणाऱ्याच्या जोडीदाराला गोळी लागली. खाली न्यायला रस्ता नाही, वरून धुकं. तो दुपारपर्यंत तसाच पडून होता. देशाचं काही बोलला नाही, आईचंही नाही. त्याचा चहाचा मग होता, तो कुणी घेतला म्हणून सारखा विचारत राहिला. 'मी म्हटलं, माझ्याजवळ आहे. माझ्याजवळ नव्हता.'

रेखानं पान उलटलं आणि थांबली. म्हणाली, पुढचं पान नाही.

बाहेर लोंढ्याची बस हॉर्न देऊन गेली. सावित्राक्का आमच्या फौजींकडं बघत होती.

"आनि आमचं, भावजी?"

फौजींचा हात ग्रीसच्या डब्याकडं गेला. डबा उचलला. मग परत खाली ठेवला.

"जागच्या जागी न्हाई गेला, वैनी," ते म्हणाले. "सांजपातूर हुता. मी डोकं मांडीवर घेतलं हुतं."

अक्का हललीसुद्धा नाही. "बोलला काय?"

"म्हस व्याली काय म्हनून इचारत हुता. सारखं तेच. मी म्हटलं, व्याली. मग म्हनाला, रेडा का रेडी."

"मग?"

"मला कुटलं ठावं असनार. मी म्हटलं, रेडी."

तेवढ्यात वरचा बल्ब लागला. करंट आला. रेखानं सवयीनं पानं मिटली. फौजी उठून बटणापाशी गेले, पण बटण दाबलं नाही. तिथंच पाठमोरे उभे राहिले.

सावित्राक्कानं डब्याचं झाकण काढलं, आतल्या गव्हात हात फिरवला, झाकण परत लावलं.

"रेडा झालता, भावजी," ती म्हणाली. "पन बरं केलंसा."

मग उठून तिनं डबा त्यांच्याकडं सरकवला.

"दळा आता."